विटाळ राहिला, विसावा गेला



आज आपण पाळीच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. शाळेत आपण राजांचा इतिहास शिकलो, लढायांचा शिकलो. बाईच्या दुखण्याचाही इतिहास असतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आमच्या कार्यक्रमानंतर एक प्रश्न हमखास येतो: "ताई, अंगावरून फार जातंय, आयुर्वेदात काही औषध आहे का?" औषधाकडे आपण येऊच. पण आधी हे पाहू की जुन्या वैद्यांनी बाईच्या पाळीकडे कसं पाहिलं, त्यांनी काय बरोबर ओळखलं, कुठे ते चुकले, आणि त्या सगळ्यातलं आपल्या घरापर्यंत नेमकं काय पोचलं.

वैद्य काय विचारत होता?

आयुर्वेदाचे दोन मोठे जुने ग्रंथ म्हणजे चरकसंहिता आणि सुश्रुतसंहिता. दोन्ही एका माणसाने एका बैठकीत लिहिलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांत भर पडत गेली. चरकसंहितेत चिकित्सास्थान नावाचा भाग आहे. त्यातला तिसावा अध्याय बाईच्या आजारांचा आहे. हा भाग पुढे दृढबल नावाच्या वैद्याने पूर्ण केला. या अध्यायात योनीचे, म्हणजे बाईच्या जननेंद्रियांचे, वीस आजार मोजले आहेत.

पण आजारांबरोबरच निरोगी पाळी कशी असते, हेही त्यात सांगितलं आहे. ती महिन्याच्या महिन्याला येते. पाच दिवस टिकते. चिकट नसते, आग होत नाही, दुखत नाही. फार जात नाही आणि अगदी थोडंही जात नाही. रंग गुंजेसारखा किंवा लाल कमळासारखा असतो. सुश्रुत आणखी एक खूण सांगतो: रक्त लाखेच्या रसासारखं असावं आणि कपडा धुतल्यावर त्यावर डाग राहू नये. पाळी साधारण बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला जाते, हेही त्यात आहे.

मैत्रिणींनो, या ओळी लिहिणारा वैद्य बाईला काय काय विचारत असेल, याचा विचार करा. किती दिवसांनी आली? किती दिवस टिकली? किती गेलं? रंग कसा? दुखतं का? आज सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई साधारण हेच पाच प्रश्न विचारते. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीही ते विचारण्यासारखे प्रश्न होते. त्यांत लाजण्यासारखं कुणाला काही वाटलं नव्हतं.

दुखणं हा आजार होता, नशीब नव्हतं

"पाळीत दुखायचंच, बाईचा जन्म आहे," असं आपण आईकडून ऐकलं, सासूकडून ऐकलं, आणि लेकीलाही सांगतो. जुन्या वैद्याने असं म्हटलेलं नाही. त्याने निरोगी पाळीच्या खुणांमध्येच 'दुखत नाही' असं लिहिलं. दुखणाऱ्या पाळीला त्याने आजार म्हटलं आणि नाव दिलं: उदावर्तिनी. तिचं वर्णन वाचलं की वाटतं, कुणा बाईने सांगितलं तसंच त्याने उतरवून घेतलं. खाली सरकायचा वायू वर फिरतो, रक्त कष्टाने बाहेर पडतं, आणि एकदा ते मोकळं झालं की लगेच आराम वाटतो. पहिल्या दिवशी पोट धरून बसणाऱ्या कितीतरी मुली हेच सांगतात.

वायू असा उलटा फिरण्याचं एक कारण ग्रंथ सांगतो ते म्हणजे वेग अडवणं. लघवी, शौच, भूक, तहान, झोप असे तेरा वेग चरकाने मोजले आणि ते अडवू नका असं बजावलं. आता शेतात दिवसभर राबणारी बाई आठवा. आडोसा नाही म्हणून ती लघवी धरून ठेवते. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. यातूनच पाळी दुखते, असं आजचं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. पण पाणी कमी पिण्याने आणि लघवी रोखण्याने लघवीच्या मार्गाला जंतू लागायचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. म्हणजे अंगाची हाक दाबायची सवय बाईला महागात पडते, ही जुनी समज अगदीच वाया गेलेली नाही.

उपाय म्हणून वैद्य तेल आणि शेक सांगत. गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट शेकलं की पाळीचं दुखणं कमी होतं, हे आजच्या चाचण्यांतूनही दिसलं आहे. शेक घ्यायला पैसा लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही.

जास्त जाणं: असृग्दर

जास्त रक्त जाण्याला संहितांनी असृग्दर म्हटलं. पुढे 'रक्तप्रदर' हा शब्द रूढ झाला. पाळी जास्त जाते, जास्त दिवस जाते किंवा पाळी नसताना मधेच जाते, ही असृग्दराची व्याख्या सुश्रुताने केली. रक्त फार गेलं तर काय होतं, तेही सांगितलं: अशक्तपणा, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, तहान, अंग पांढरं पडणं, सुस्ती. आज आपण याला रक्त कमी होणं म्हणतो, दवाखान्यात ॲनिमिया म्हणतात. जुने वैद्य याला पांडुरोग म्हणत आणि त्यावर लोहाची औषधं देत.

देशभरात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. खाणं अपुरं असणं हे त्याचं एक कारण, आणि महिन्याच्या महिन्याला जास्त जाणं हे दुसरं. पण जास्त जाणं आपण आजार म्हणून मोजतच नाही. "माझं असंच आहे" म्हणतो आणि खुरपं उचलतो.

असृग्दरावर चरकसंहितेत एक चूर्ण आहे, पुष्यानुग. पुष्य नक्षत्रावर त्याची सामग्री गोळा करायची म्हणून हे नाव. त्यात लोध्रासारख्या सालींबरोबर आंब्याच्या कोयीतला आणि जांभळाच्या बीतला गर आहे, आणि ते मध घालून तांदळाच्या धुवणाबरोबर घ्यायचं असतं. म्हणजे औषधाचा काही भाग परसातला आणि काही चुलीपाशचा.

अशोकाची साल त्यानंतर पुढे आली. चरकाने अशोक वेदना शमवणाऱ्या झाडांच्या यादीत घातला होता. अकराव्या शतकात बंगालच्या चक्रपाणिदत्ताने असृग्दरावर अशोकाच्या सालीचं दूध लिहिलं. आज दुकानात मिळतं ते अशोकारिष्ट त्याच्याही खूप नंतरच्या भैषज्यरत्नावली या ग्रंथातलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळेच्या कुंपणाला उंच, सरळ, लांब पानांची जी झाडं लावतात, ती या औषधाची नव्हेत. औषधाचा अशोक म्हणजे सीतेचा अशोक, ज्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात. साल ओरबाडून हे झाड आता विरळ झालंय. म्हणून बाजारात भलत्याच झाडाची साल अशोक म्हणून विकली जाते. शिवाय अशोकासारख्या औषधांवर माणसांवरच्या मोठ्या, नीट केलेल्या चाचण्या थोड्याच आहेत. म्हणून ती घ्यायची तर शिकलेल्या वैद्याकडूनच, तपासणी करून. पोटात बाळ असताना मनाने काहीही घ्यायचं नाही. आठवडी बाजारातल्या बिननावाच्या पुडीतलं भस्म तर कधीच नाही, त्यात शिसं किंवा पारा असू शकतो.

न येणारी पाळी आणि हार्मोन

पाळी येईनाशी झाली तर सुश्रुताने त्याला नष्टार्तव म्हटलं. दोषांनी वाट अडवली म्हणून रक्त दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावर त्याने मासे, हुलगे, तीळ, उडीद आणि आंबट पदार्थ खायला सांगितले. बाळंतिणीच्या आणि वयात येणाऱ्या मुलीच्या ताटात तीळ-उडीद का येतात, असा प्रश्न पडला तर एक धागा इथवर येऊन पोचतो. पाळीचं रक्त रसापासून, म्हणजे खाल्लेल्या अन्नाच्या सारापासून तयार होतं, अशी वैद्यांची समजूत होती. म्हणून पाळी बिघडली की ते आधी ताटाकडे बघत.

हार्मोन हा शब्द मात्र जुन्या ग्रंथांत कुठेही सापडणार नाही. तो १९०५ मध्ये इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने वापरात आणला. मेंदूतल्या आणि बीजकोशातल्या ग्रंथी रक्तात रस सोडतात आणि त्यांच्या तालावर पाळी चालते, हे त्यानंतर उलगडत गेलं. आज मुलींमध्ये जिचं नाव सारखं ऐकू येतं त्या पीसीओएसचं वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थॉल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये केलं. काही वैद्य तिचं नातं नष्टार्तवाशी जोडतात. लक्षणं जुळतात, पण जुन्या वैद्याजवळ थायरॉइड तपासायला रक्ताची चाचणी नव्हती आणि बीजकोश पाहायला सोनोग्राफी नव्हती. आपल्याजवळ दोन्ही आहेत. आजोबांची विहीर आहे म्हणून घरातला नळ कुणी बंद करत नाही.

तीन दिवसांची यादी

आता तीन दिवसांच्या नियमांकडे येऊ. सुश्रुतसंहितेत पाळी आलेल्या बाईने पहिले तीन दिवस कसं वागावं, याची यादी आहे. दर्भाच्या अंथरुणावर झोपावं, हलकं अन्न थोडं खावं. दिवसा झोपू नये, काजळ घालू नये, अंघोळ करू नये, रडू नये, नखं कापू नयेत, पळू नये, जोरात हसू-बोलू नये, फार श्रम करू नयेत. हे मोडलं तर पुढे होणाऱ्या बाळात दोष येईल, असं त्यात लिहिलं आहे. आई दिवसा झोपली तर मूल झोपाळू होईल, काजळ घातलं तर आंधळं होईल.

हे खरं नाही. आईच्या काजळाने मूल आंधळं होत नाही आणि अंघोळीनेही काही बिघडत नाही, उलट या दिवसांत स्वच्छता जास्तच हवी. बाळाच्या व्यंगाचा दोष आईच्या माथी मारायची ही रीत ग्रंथात होती. ती तिथे होती म्हणून ती चांगली ठरत नाही.

पण याच यादीत 'फार श्रम करू नयेत' असंही होतं. ते कुठे गेलं? आपल्या घरात देवघर बंद राहिलं, लोणच्याची बरणी बंद राहिली, कावळा शिवला म्हणून बाई दाराबाहेर बसली. पण कापूस वेचणी थांबली नाही, डोक्यावरचा हंडा उतरला नाही, गाईचं शेण तिनेच काढलं. यादीतली बंधनं आपण जपली, विश्रांती सोडून दिली. म्हणजे विटाळ राहिला आणि विसावा गेला. ही निवड कोणत्या वैद्याने केली नाही. बाईचे हात कामाला हवे होते आणि तिचा स्पर्श देवाला नको होता, म्हणून ती होत गेली. गडचिरोलीच्या काही आदिवासी गावांत पाळीच्या दिवसांत बाईला कुर्मा घरात वेगळं राहावं लागतं, तरी शेतातलं काम तिला चुकत नाही.

विटाळावर प्रश्न विचारणारी बाई आपल्याकडेच होऊन गेली. चौदाव्या शतकातल्या संत सोयराबाईंनी विटाळ कुणाच्या देहात नाही, असा रोकडा सवाल आपल्या अभंगात केला. आपण त्यांचं नाव घेतो, पण त्यांचा प्रश्न चावडीवर विचारायला अजून कचरतो.

बायकांनी लिहिलेलं

इथवर जे सांगितलं ते पुरुषांनी लिहिलेलं. बायकांनी काही लिहिलं नाही का? दहाव्या शतकात बगदादला इब्न अल-नदीम नावाच्या पुस्तकविक्याने त्याला ठाऊक असलेल्या पुस्तकांची मोठी यादी केली. त्यात रूसा नावाच्या एका हिंदी बाईचं, स्त्रियांच्या उपचारांवरचं पुस्तक नोंदलेलं आहे. पुस्तक हरवलं, नाव तेवढं राहिलं.

त्यानंतर थेट आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत ते गेलं. बाई पुरुष डॉक्टरला दुखणं दाखवत नाही आणि बाई डॉक्टर मिळत नाही, ही त्यांची तळमळ होती. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तो जुन्या हिंदू प्रसूतिशास्त्रावर. नवी विद्या शिकताना त्यांनी जुनी पोथी टाकली नाही, उघडून वाचली. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात वारल्या.

आणि तिसरी यशोदादेवी. वडिलांकडून आयुर्वेद शिकून त्यांनी सुमारे १९०८ मध्ये अलाहाबादला बायकांसाठी दवाखाना काढला. हिंदीत कितीतरी पुस्तकं लिहिली. दूरदूरच्या बायका त्यांना आपली दुखणी पत्रांतून कळवत. बाईला विचारणारं कुणी भेटलं की ती बोलते, हे या तिघींच्या कामातून कळतं.

न विचारण्याची किंमत

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी आतून तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ. म्हणजे दुखणं घरोघरी होतं, विचारणारं कुणी नव्हतं.

तीस वर्षांनी बीडची बातमी आली. २०१९ मध्ये सरकारी समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. उसाच्या फडात खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीतलं दुखणं, पांढरं जाणं अंगावर काढायचं, आणि मग कुणीतरी सांगतं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." काही वेळा शस्त्रक्रिया खरोखरच लागते आणि ती जीव वाचवते. पण औषधाने, शेकाने, विश्रांतीने बरं होण्यासारख्या दुखण्यासाठी अवयव काढला, तर तो उपचार म्हणायचा का? पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हार्मोन एकदम थांबतात, पाळी जाण्याचा त्रास तरुण वयात सुरू होतो आणि हाडं ठिसूळ होत जातात.

जुन्या वैद्याने आजाराला नाव दिलं, कारण विचारलं, उपाय क्रमाने केले. आपल्या बाईच्या वाट्याला आधी गप्प बसणं आलं आणि शेवटी एकदम सुरी आली. मधल्या सगळ्या पायऱ्या गळाल्या.

गटाच्या वहीत एक पान

मैत्रिणींनो, आपण बचतीचा पैसान्‌पैसा वहीत मांडतो. तशीच प्रत्येकीने आपल्या पाळीची नोंद घरी ठेवावी. तेच पाच जुने प्रश्न: किती दिवसांनी आली, किती दिवस टिकली, किती कपडे किंवा पॅड लागले, रंग व गाठी कशा, दुखलं किती. तीन महिन्यांची नोंद घेऊन गेलात तर वैद्य असो वा डॉक्टर, त्याला तुमचं म्हणणं उडवून लावता येणार नाही.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. आठ दिवसांहून जास्त जाणं, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, चक्कर येणं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल दिसणं. शेवटच्या दोन खुणा गर्भपिशवीच्या किंवा तिच्या तोंडाच्या कर्करोगाच्याही असू शकतात. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांनी भाग घेतलेल्या अभ्यासातून २००९ मध्ये जगाला कळलं, की पिशवीच्या तोंडाची एकदा एचपीव्ही तपासणी केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. ती तपासणी मागून घ्या. आशाताईंकडून रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या अर्ध्यात सोडू नका. कुणी पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या, विचारल्याशिवाय सही करू नका.

आणि पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: गटातल्या ज्या बाईला पाळीचा पहिला दिवस जड जातो, तिचं त्या दिवसाचं जड काम कोण करणार? तिला देवघरात जाऊ द्यायचं की नाही, यावर आपण खूप भांडलो. आता तिच्या डोक्यावरचा हंडा कोण उतरवणार, यावर बोलू या.